एकशे पस्तीसचे सत्तर

२०२२ च्या गणपतीत, ऐन गौरीजेवणाच्या दिवशी, आमचा जुना होम थिएटर गेला. अगदी मुका झाला नाही. उजवीकडून सनई आणि डावीकडून शेंगदाणे भाजल्यासारखी तडतड, असं सुरू झालं. डीव्हीडी प्लेअर, पाच पिटुकले स्पीकर आणि एक प्लायवूडचा सबवूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) एकाच खोक्यात मिळायचा, त्या काळातला तो संच. खोकं अजून माळ्यावर होतं आणि त्यावर लाल ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : ३००० वॅट पीएमपीओ (म्हणे क्षणभराची कमाल ताकद).

विसर्जनानंतर तो पिशवीत घालून पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत नेला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, काळी पडलेली आयसी चिमट्याने दाखवली आणि म्हणाला, "मिळणार नाही आता हा पार्ट." मी हळहळून म्हटलं, "अहो, तीन हजार वॅटचा होता." त्याने संच उलटा केला, मागची पत्र्याची पट्टी अंगठ्याने पुसली आणि माझ्यासमोर धरली. यंत्र वीज किती खातं ते तिथे छापलं होतं : ६५ वॅट. "साहेब, पासष्ट खाणारा तीन हजार देईल का?"

पुढचे दोन महिने मी जे काही शिकलो, त्याचा अर्धा भाग या एका वाक्यात होता. पण ते कळायला मला दोन महिने लागले.

मित्राचं म्हणणं होतं, साउंडबार घे आणि मोकळा हो. ते मला पटत नव्हतं. एक बोटभर आयसी जळली म्हणून पाच धडधाकट स्पीकर भंगारात घालावे लागले, हे मनाला लागलं होतं. या खेपेला सगळं सुटं घ्यायचं, म्हणजे एक भाग गेला तर तेवढाच बदलता येईल, असं ठरवलं. सुटं म्हणजे एव्ही रिसीव्हर. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, पोराचा गेमिंगचा डबा, सगळ्यांचा आवाज या एका पेटीत येतो. पेटी तो सोलून पाच-सात वाटा करते आणि प्रत्येक वाटेला ताकद देऊन आपापल्या स्पीकरकडे धाडते. स्पीकर त्याच्यासोबत येत नाहीत, हे मात्र मला पहिल्या दुकानात गेल्यावर कळलं. तोवर मी किमती बघून "बरा स्वस्त झालाय की" म्हणत होतो.

बायकोने साठ हजारांची हद्द घालून दिली. तीही "फ्रीज अजून दोन वर्षं ओढेल" या माझ्या लेखी नसलेल्या हमीवर.

मग मी एक्सेल उघडली. पेशाने लेखापाल, त्यामुळे हे आलंच. अकरा मॉडेल, तेवीस रकाने. चॅनेल (म्हणजे त्या वाटा) किती, एचडीएमआय किती, ४के की ८के, अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज आणणारी डॉल्बीची पद्धत) आहे का, ब्लूटूथ, वाय-फाय, वजन, वॉरंटी, एमआरपी, खरा भाव. सगळ्यात पहिला आणि पिवळा रंगवलेला रकाना अर्थातच वॅटचा. पहिल्या आठवड्यात मी सरळ त्याच रकान्यावर यादी उतरत्या क्रमाने लावली होती. सोनीचा एसटीआर-डीएच५९० १४५ वॅट, यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ १३५ वॅट, आणि त्यांच्या दुप्पट किमतीचा डेनॉनचा एव्हीआर-एक्स१७००एच ८० वॅट! मला वाटलं, डेनॉनवाल्यांची छपाईची चूक झाली असणार.

चूक माझी होती. ती कळली ती यामाहाच्या तपशीलपत्रामुळे, कारण त्या एकाच यंत्रापुढे तीन आकडे दिलेले होते : १३५, १०० आणि ७०. तिन्ही खरे. फरक एवढाच की प्रत्येक आकड्यापुढे बारीक अक्षरांत अटी होत्या, आणि हिशेबनीस असूनही मी तळटीप न वाचता ताळेबंद वाचत होतो. १३५ वॅट कधी, तर सहा ओहमचा स्पीकर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध), एक किलोहर्ट्झचा एकच सूर, एकच चॅनेल चालू आणि विकृती दहा टक्के. विकृती दहा टक्के म्हणजे आवाज फाटलेला. सत्यनारायणाच्या मंडपातला कर्णा आठवा. विकृती ०.९ टक्क्यावर आणली की त्याचेच १०० वॅट होतात. आणि २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत सगळे सूर, दोन चॅनेल एकदम, विकृती ०.०९ टक्के, अशी अट घातली की उरतात ७०.

यातली मला सगळ्यात गमतीची वाटली ती 'एकच चॅनेल चालू' ही अट. पाच गड्यांपैकी चौघांना बांधावर बसवायचं, एकट्याला पोटभर भाकरी घालून दगड उचलायला लावायचा, आणि मग सांगायचं की आमचा प्रत्येक गडी एवढा दगड उचलतो. पाचही जण एकदम उठले की भाकरी तेवढीच असते. आतला ट्रान्सफॉर्मर एकच.

सोनीचे १४५ सुद्धा एका चॅनेलचे, एका सुराचे. सगळे सूर आणि दोन चॅनेल म्हटलं की ते ९० वर येतात, सहा ओहमला. आणि डेनॉनचे ते बिचारे ८० मुळातच कडक अटींवर मोजलेले, तेही आठ ओहमवर. ओहम वाढले की त्याच यंत्रातून वॅट कमी निघतात, म्हणजे आठ ओहमचे ८० हे सहा ओहमच्या ९० पेक्षा दुबळे म्हणता येत नाहीत. माझी उतरत्या क्रमाची यादी तिथेच मोडली. वॅटच्या एका रकान्याचे चार केले : वॅट, ओहम, किती चॅनेल, किती विकृती. जिथे चारही मिळाले नाहीत ते मॉडेल लाल केलं. अकराचे सात राहिले.

अमेरिकेत या आकडेबाजीला १९७४ मध्येच सरकारी नियम करून लगाम घालावा लागला होता, आणि तोही ढिला पडला म्हणून २०२४ मध्ये तो कडक केला : आठ ओहम, २० ते २० हजार हर्ट्झ, विकृती एक टक्क्याच्या आत, अशाच अटींवर मोजलेला आकडा जाहिरातीत ठळक छापायचा. आपल्याकडे पीएमपीओ ऐकत वाढलेल्या पिढीला हे वाचून जरा वाईटच वाटतं.

आता मुळात किती वॅट लागतात, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारला. तो पहिला विचारायला हवा होता. वॅट दुप्पट झाले की आवाज तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम 'हं, वाढला वाटतं' एवढाच. ७० आणि १४५ मधला फरक तीनाच्या जरासा वर. कानाला दुप्पट वाटायला हवा असेल तर वॅट दहापट लागतात. मी फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं आणि आई साडेसातची मालिका बघत असताना सोफ्यावर धरून बसलो. ६० ते ६५ डेसिबल. मी घेणार होतो ते स्पीकर एका वॅटला, एका मीटरवर, ८७ डेसिबल देणारे. आमचा सोफा टीव्हीपासून तीन मीटरवर. म्हणजे आईच्या मालिकेला एक वॅटसुद्धा पुरेपूर लागत नव्हता. पंधरा-वीस वॅटला खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून वर येतील, हेही हिशेबाने निघालं.

भावांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. एमआरपी कुणीच घेत नाही, ती फक्त 'तुम्हाला एवढे कमी केले' म्हणायला असते. २०२२ मध्ये कंपन्यांकडूनच माल कमी येत होता. २०२० च्या ऑक्टोबरात जपानमध्ये नोबेओका इथल्या असाही कासेईच्या चिप कारखान्याला मोठी आग लागली, आणि आकडी आवाजाचा खरा आवाज करणारी डॅक चिप कित्येक कंपन्या तिथूनच घ्यायच्या. त्यात करोनातली चिपटंचाई. दुकानदार हे सगळं एका वाक्यात सांगायचे : "माल नाही सर, आज भाव आहे तो उद्या राहणार नाही." पाच चॅनेलचे साधे रिसीव्हर मला तीस ते चाळीस हजारांत सांगितले गेले, सात चॅनेलचा अ‍ॅटमॉसवाला पाऊण लाखाच्या आसपास. एका ठिकाणी साडेसात हजारांनी स्वस्त मिळत होता. मी लगेच पाकीट काढायच्या बेतात होतो. मग विचारलं, पक्कं बिल? "बिल पाहिजे तर मग रेट वेगळा." आणि वॉरंटी? "आपली शॉप वॉरंटी आहे ना, एक वर्ष." खोक्यावर भारतातल्या आयातदाराचा स्टिकर नव्हता. मी पाकीट परत ठेवलं. दुकानाची वॉरंटी ही दुकानदाराच्या आठवणीवर चालते, आणि या गृहस्थांना दहा मिनिटांपूर्वी सांगितलेला भावही आठवत नव्हता.

न्यू जर्सीचा मेहुणा दिवाळीला येणार होता. तिकडे सेलमध्ये तोच सात चॅनेलचा रिसीव्हर बराच स्वस्त दिसत होता. "दाजी, मी आणतो की बॅगेतून," म्हणाला. मी रात्रभर खूश. सकाळी नीट वाचलं तर तिकडची मॉडेल १२० व्होल्टची. आपल्याकडे २३०. म्हणजे व्होल्टेज उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर, विटेएवढा जड, चोवीस तास हूं करत टीव्हीखाली बसणार. एखाद्या दिवशी कामवाल्या मावशींनी झाडताना प्लग काढून सरळ भिंतीत घातला की संपलं. शिवाय तिकडची वॉरंटी इकडे चालत नाही. मेहुण्याला म्हटलं, तू बदाम आण.

मग ऐकायला गेलो. दुकानाच्या आतल्या बाजूला डेमोची खोली : काळ्या भिंती, खाली गालिचा, दार बंद झालं की कानाला दडे बसल्यासारखी शांतता. मुलाने हेलिकॉप्टर लावलं. ते माझ्या टाळूवरून गेलं. सात चॅनेल, वर छतात दोन. खरं सांगतो, मी विरघळलो. मग त्याने पाच चॅनेलचा लावला आणि तो अगदीच किरटा वाटला. बाहेर आल्यावर चहा पिताना लक्षात आलं, की त्याने रिसीव्हरसोबत स्पीकरही बदलले होते. मोठ्यासोबत कमरेएवढे, लहानासोबत टिफिनएवढे. मी तुलना कशाची करत होतो?

दुसऱ्या शनिवारी परत गेलो आणि जरा निगरगट्टपणे म्हटलं, स्पीकर तेच ठेवा, फक्त मागच्या वायरी बदला. मुलाच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. आणखी एक अट घातली : फोनवर मोजून दोन्हींचा आवाज सारखा करायचा. कारण एक-दीड डेसिबलने मोठं असलं तरी कानाला ते 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. हेलिकॉप्टरही नको म्हटलं. माझ्या फोनमधलं एक जुनं भावगीत लावलं, बाईंचा आवाज, मागे तंबोरा आणि तबला. एकदा या पेटीतून, एकदा त्या पेटीतून. तिसऱ्यांदा मुलाला म्हटलं, कुठली चालू आहे ते सांगू नको. मी पाच वेळा ओळखायचा प्रयत्न केला आणि दोनदा बरोबर आलो. नाणं उडवलं असतं तरी एवढंच झालं असतं. मात्र स्पीकर बदलले की डोळे मिटूनही कळत होतं. डग्गा घुमतोय की नुसता वाजतोय, ते स्पीकर ठरवत होता.

त्या रात्री एक्सेलमधले रकाने खोडायला बसलो.

आधी टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे गेलो. कोळिष्टकं, पालीची दोन अंडी, आणि एचडीएमआयच्या तीन भोकांपैकी एकाशेजारी 'एआरसी' असं लिहिलेलं. ई-एआरसी नाही. टीव्हीकडून आवाज रिसीव्हरकडे उलटा आणायची ही वाट. साध्या एआरसीतून ओटीटीचा डॉल्बी डिजिटल प्लस नीट येतो. ब्ल्यू-रे चकतीवरचा बिनकापणीचा मोठा आवाज येत नाही, त्याला ई-एआरसी लागतं. आमच्याकडे ब्ल्यू-रे प्लेअर नाही, घ्यायचाही नाही. रकाना गेला. ८के : टीव्ही ४के, आणि सेट-टॉप बॉक्सवर आई बघते ती वाहिनी तेवढीही नाही. गेला. एका सेकंदाला १२० चित्रं : टीव्ही ६० चा. पोराने तोंड वाकडं केलं, पण गेला.

सात चॅनेल आणि अ‍ॅटमॉस खोडताना मात्र हात थांबला. हेलिकॉप्टर अजून टाळूवर होतं. मेजरिंग टेप काढली. हॉल अकरा बाय सोळा, सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला. सात चॅनेलमधले जास्तीचे दोन पाठीमागे लागतात. माझ्या पाठीमागे भिंत आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं देवघर. छतात स्पीकर लावायचे तर वर काँक्रीटचा स्लॅब. "ड्रिल मारायचं?" एवढंच बायको म्हणाली. तिच्या प्रश्नचिन्हात पूर्णविराम होता. तोही रकाना गेला.

उरले पाच चॅनेल, पक्कं बिल, पुण्यातच दुरुस्ती, आणि खोलीप्रमाणे आवाज जुळवून घेणारा माइक. घेतला तो यामाहाचा व्ही३८५. ज्याचे आकडे तीन, तोच. पैशांची वाटणीही उलटी केली. आधीच्या यादीत रिसीव्हरला पंचेचाळीस आणि स्पीकरला पंधरा होते. आता रिसीव्हरला जेमतेम निम्मे आणि बाकी स्पीकर, सबवूफर, वायर.

वायर! ही कुठल्याच तुलनेत नसते. पुढच्या दोघांना चार-चार मीटर, मधल्याला दोन, मागच्या दोघांना भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून फिरवत अकरा-अकरा. बत्तीस मीटर. तपकीर गल्लीत पहिल्या दुकानात निम्म्या भावात वायर मिळत होती, दिसायला तांब्याची. शेजारच्या म्हाताऱ्या दुकानदाराने तिचा तुकडा घेतला, ब्लेडने एक तार खरवडली आणि हातावर ठेवली. वरून तांबूस, आत पांढरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. मग त्याची स्वतःची खरवडली, ती आतपर्यंत लाल. सोळा गेजची तीच घेतली, चार मीटर जास्त. केसिंग पट्टी आणि खिळे मिळून आणखी सातशे गेले.

जोडणी दसऱ्यानंतरच्या रविवारी केली. माइक कानाच्या उंचीवर हवा म्हणून सोफ्यावर पाटाच्या चवडीवर स्टीलचा डबा, त्यावर माइक. खोलीत चिडीचूप हवी. ऑक्टोबरातल्या दुपारी पंखा बंद. पहिल्या वेळी यंत्राने फुस्स-फुस्स करायला सुरुवात केली आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या वेळी आईला खोकला आला. तिसऱ्या वेळी पूर्ण झालं आणि पडद्यावर उमटलं : डब्ल्यू-१. पुस्तिकेत पाहिलं तर एका स्पीकरची अधिक-उणे उलटी जोडलेली. डावा मागचा. केसिंग पट्टीआडून एकच लाल रेघ दिसणारी वायर ओढताना मी ती चौकटीवर पिळली होती. काढली, उलटी केली, परत पंखा बंद. या वेळी सबवूफर सहा मीटरवर आहे असं यंत्राने सांगितलं. तो माझ्या पायाशी, अडीच मीटरवर. बिघडलं म्हणून घाबरलो, पण ते बरोबर असतं : सबवूफरच्या आतल्या फिल्टरमुळे आवाज उशिरा निघतो आणि यंत्र त्या उशिराचं अंतर करून लिहितं. ते तसंच ठेवलं. फक्त पुढच्या स्पीकरांना त्याने 'मोठे' ठरवलं होतं, ते मी 'लहान' केलं आणि ८० हर्ट्झखालचं सगळं सबवूफरकडे ढकललं. सबवूफरही रात्री दहानंतर निम्म्यावर, काकांसाठी.

दिवाळीत मेहुणा बदाम घेऊन आला. फराळाचं ताट मांडीवर, समोर क्रिकेट, मागच्या स्पीकरांतून प्रेक्षक. "भारी आहे," म्हणाला, "किती वॅट?"

"सत्तर."

"फक्त?"

मी त्याला अटी सांगायला लागलो. बायकोने चकलीची वाटी पुढे केली.

भाऊबीजेनंतर स्पीकरच्या वायरींच्या टोकांना लावायचे बनाना प्लग आणायला पुन्हा गल्लीत गेलो होतो. दुरुस्तीवाल्याने ओळखलं. काय घेतलं, किती वॅटचा, विचारलं. मी या खेपेला तयारीत होतो. ओहम, विकृती, दोन चॅनेल, सगळं एका दमात सांगितलं. त्याने सोल्डरिंगवरून मान वर न करता विचारलं, "आणि खातो किती?"

तेवीस रकान्यांत तो एक नव्हता. घरी येऊन रिसीव्हर पुढे ओढला, टॉर्च धरला आणि मागची पट्टी वाचली. पाच गुणिले सत्तर, साडेतीनशे. पट्टीवरचा आकडा त्याच्या खाली होता. मी वायरी नीट सरळ केल्या आणि पेटी परत भिंतीकडे ढकलली.